संगजिरे

जेर्मानास्काच्या खोऱ्यात, चौदा चुलींच्या वस्तीत,
जुदित रोस्तानने गोठ्याच्या मागच्या भिंतीला भोक पाडलं.
त्याला खाण म्हणायचं असेल तर म्हणा.
ओणवं होऊन आत जाता येतं,
वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं.

वर संगमरवर, खाली संगमरवर,
मधे वीतभर, कधी नुसता बोटभर
फिकट हिरवा पट्टा, ओल्या साबणाच्या अंगाचा.

हा डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होता.
गाळ खोल गेला, दडपला, भाजला, पांढरा झाला.
मग त्याच्या भेगांतून कढत पाणी चढलं,
गारगोटी विरघळवून आणलेलं.
दगडाने ते पोटात घेतलं, एक उसासा सोडला,
आणि जिथवर पाणी पोचलं
तिथवर तो आपलं दगडपण विसरला.

माझ्या भाषेत दोघांच्या नावात एकच संग:
संगमरवर, संगजिरे.
एकाचे संत होतात, नाकीडोळी नीटस,
दुसऱ्यावर नखाने नाव लिहिता येतं
आणि तळव्याने पुसता.

पारख दातांनी.
चिमूट जिभेवर घ्यायची, पुढच्या दातांत घोळवायची.
करकरली तर ढिगाऱ्यात,
लोण्यासारखी सरकली तर पोत्यात.
नोए नऊ वर्षांचा, दात नवेकोरे,
म्हणून घरातला पारखी तोच.
शाळेत बाई म्हणतात, तोंड धुऊन येत जा.

त्याचा बाप वरच्या, कंपनीच्या खाणीत गेला.
संगमरवर तडकायच्या आधी सांगतो,
बारीक टिक् टिक् करतो, पळायला वेळ देतो.
हे मऊ काही सांगत नाही.
खांबांना बगल देऊन हळूहळू खोलीत येतं,
आणि खोली उरत नाही.
तेराव्या महिन्यात एत्येन, थोरला दीर,
घसरगाडी घेऊन गेला.
निम्मे पैसे माझे होते, म्हणाला.
खरंही होतं ते.
त्यानंतर सात वर्षं दोन घरांत एक शब्द नाही,
आणि पोती पाठीवरून खाली.

तिसऱ्या हिवाळ्यात पट्टा बारीक झाला,
चाकूच्या पात्याएवढा.
जुदित पात्याच्या मागे गेली.
राय पेरायची जमीन बर्फाखाली, दुसरं करणार काय?
नव्या वर्षाच्या सुमाराला तो फुगला,
हात पोचेना एवढा जाड, स्वच्छ, रेघसुद्धा नाही.
तिने मागे दोरी टाकून अंतर मोजलं,
आणि दिवा खाली ठेवून बसून राहिली.
डोक्यावर एत्येनचं घर होतं.

ती रात्री खणू लागली. कुदळीला फडकं बांधून.
पण दगडातून आवाज वर जातोच,
आणि म्हाताऱ्याला झोप कुठली!
चौथ्या रात्री वरून टाच वाजली.
एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा.
जुदितने दिवा विझवला.
अंधारात तिच्या तोंडात नुसती पावडर,
ना कडू, ना खारट.

सकाळी नोए सांगत आला:
काकांनी गाय त्या कोपऱ्यातून हलवली,
रायची पोतीही सगळी,
आणि काकी विचारतेय कशासाठी, तर बोलत नाहीत.

त्या कोपऱ्याखालून एकोणीस पोती निघाली.
पिनेरोलोच्या व्यापाऱ्याने बोटांत चोळली, भाव वाढवला.
तुरिनमध्ये कुण्या बाळाच्या काखेत ती गेली असतील,
कुणा शिंप्याच्या खडूत.
जुदितने खाली खांब दिले, दुप्पट,
लार्चचे, साल न काढलेले.
तरी वसंतात वरचं घर चार बोटं कललं.

घसरगाडी परत आली नाही.
बोलणंही सुरू झालं नाही; मी तसं म्हणणार नाही.
पण मे महिन्यात नोए दूध द्यायला वर गेला
तेव्हा एत्येन जेवत होता,
आणि टेबलाच्या अधांतरी पायाखाली
एक चपटा तुकडा होता, हिरवट, पांढऱ्या शिरांचा.
पोराने ओळखला.
त्यानेच दातांत धरून टाकून दिलेला,
ढिगाऱ्यातला, करकरणारा.